भार न घेणारा खांब

खांब असेल तर त्यानं भार घ्यावा. कमान असेल तर तिनं डोक्यावरच्या भिंतीचं वजन दोन्ही बाजूंना उतरवावं. छपराचा त्रिकोण दिसत असेल तर त्याच्यामागं खरंच उतरतं छप्पर असावं. तसं नसेल तर तो खांब, ती कमान, तो त्रिकोण खोटा. माझं हे मत होतं, आणि वसई-विरारमध्ये घरांचे प्लॅन काढताना मी ते गिऱ्हाइकांवर हट्टानं लादलं. धंद्याचं नुकसान फारसं झालं नाही. लोक माझ्यासमोर मान डोलावत, माझं शेवटचं बिल चुकतं करत आणि मग गवंड्याला बोलावून हवे तेवढे खांब लावून घेत.

आता ते मत माझं राहिलेलं नाही. अगदी सोडून दिलं असंही नाही. त्यातलं किती सोडलं आणि किती अजून धरून बसलोय, ते एकदा नीट मांडावं म्हणून हे लिहितोय.

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षी ग्रीक-रोमन खांबांचे प्रकार छायेसकट काढून घेत आणि दुसऱ्या वर्षी तेच मास्तर सांगत की आता हे विसरा. व्हिएन्नाच्या आडोल्फ लोसनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलंकरणाला गुन्ह्याच्या पंक्तीत बसवलं होतं, आणि आम्ही विशीतली पोरं त्याच्यापेक्षा कडक न्यायाधीश झालो होतो. सगळ्यात जास्त थट्टा व्हायची ती भिंतीला चिकटलेल्या छोट्या देवळाची. म्हणजे भिंतीत एक कोनाडा, त्याच्या दोन्ही अंगांना बारीक खांब, वर आडवी पट्टी, पट्टीवर त्रिकोण नाहीतर अर्धगोल. आत मूर्ती असेल, दिवा असेल, कधी नुसती खिडकी असेल. यातलं काहीच काढून टाकलं तरी इमारत पडत नाही. मग ते हवंच कशाला?

गावठाणातली कौलारू घरं उतरून त्या जागी बंगले उभे राहू लागले, तेव्हा या प्रश्नाशी माझी रोज गाठ पडू लागली. कॅथलिक घरातून मागणी यायची की दर्शनी भिंतीत मरियामातेसाठी जागा करा, वर कमान द्या. हिंदू घरातून यायची की दाराच्या उजव्या हाताला गणपतीची देवळी हवी, तिला दोन खांब हवेत, वर कळस असला तर फारच बरं. मी दोघांनाही सारख्याच तुच्छतेनं नाही म्हणायचो. या एका बाबतीत माझ्यासारखा निधर्मी माणूस तालुक्यात सापडला नसता.

पहिला धक्का मला एका मिस्त्रीनं दिला. नंदाखालकडच्या एका साईटवर त्यानं मालकाच्या सांगण्यावरून खिडकीच्या दोन बाजूंना विटेचे अर्धे खांब काढले होते. मी ते तोडायला सांगितले आणि कारणही सांगितलं, कारण मला कारण सांगायची सवय आहे. तो थापी खाली ठेवून म्हणाला, "साहेब, खांब भार घेत नाही म्हणून तोडायचा. मग तुमची ही भिंत तरी कुठं भार घेते?"

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. आजची इमारत आरसीसीच्या सांगाड्यावर उभी असते. कॉलम, बीम आणि स्लॅब सगळं वजन पायात नेतात, मधली भिंत फक्त स्वतःचं ओझं वाहते. बीम आणि कॉलम आपण गिलाव्याखाली असे बेमालूम दडवतो की कोण कशावर उभं आहे हे बाहेरून कळू नये. भार घेणारं लपवायचं आणि न घेणारी भिंत भक्कम असल्यासारखी मिरवायची. माझा नियम प्रामाणिकपणे लावला असता तर वसई-विरारच्या कुठल्याही इमारतीआधी मला माझ्याच इमारती खोट्या ठरवाव्या लागल्या असत्या. मी त्या दिवशी खांब तोडूनच घेतले, हेही सांगितलं पाहिजे. वादात हरलेला माणूस हातातला अधिकार आधी वापरतो.

पण तिथून मी भिंतींच्या जाडीकडे बघायला लागलो. जुन्या वाडीतल्या घराची भिंत दीड-दोन फूट जाड असे. तिच्यात कोनाडा काढायला वेगळा खर्च नव्हता. बांधताना एवढी जागा सोडली, वर एक फरशी किंवा लाकडाचा तुकडा आडवा टाकला की झालं. तिथं दिवा राही, औषधाची बाटली राही, हिशेबाची वही राही, देव राही. आता बाहेरची भिंत सहा नाहीतर नऊ इंचांची, आतली चार इंचांची. चार इंचांत कोनाडा कोरला तर पलीकडच्या खोलीत भोक पडेल. म्हणून कोनाडा भिंतीतून गेला आणि त्याची चौकट तेवढी बाहेर येऊन भिंतीवर चिकटली. लोकांची अभिरुची बिघडली असं मी समजत होतो, तिथं खरं म्हणजे भिंत बारीक झाली होती.

दुसरी गोष्ट किल्ल्यातली. वसईचा किल्ला १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होता आणि त्या दोनशे वर्षांत त्यांनी आत एक आखीव शहर वसवलं. जेझुइटांचं चर्च, फ्रान्सिस्कनांचं संत अंतोनीचं, डॉमिनिकनांचं, आणि मुख्य चर्च संत जोसेफचं, ज्याच्या दारावर १६०१ सालचा लेख आहे. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला आणि पुढं या वास्तूंची छपरं गेली, लाकूड गेलं, मूर्ती गेल्या. भिंती मात्र बऱ्याचशा आहेत. विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथं जात असे, गोल घुमटाकार छतांवर, बुरुजावर, वर चढत जाणाऱ्या चक्री जिन्यावर भरभरून बोलत असे आणि कोनाड्यांपाशी पाय उचलत असे.

एकदा मोजमापं घ्यायचा उपक्रम होता. एका पडक्या चर्चच्या आतल्या भिंतीतल्या रिकाम्या कोनाड्याचं मी चित्र काढलं. खालचा पाया, दोन खांब, त्यांच्या बैठका, वरची आडवी पट्टी, कमान, सगळं. घाईत मापं लिहायची राहिली. ते कागद नंतर ऑफिसात एका होतकरू पोरानं बघितले आणि मला विचारलं, "सर, हा दरवाजा किती फुटी? आतून बैलगाडी जात असेल ना?" कोनाडा जेमतेम कंबरेएवढा उंच होता. त्याला मी हसलो नाही. कारण कागद हातात धरल्यावर मलाही तो दरवाजाच दिसला, किंबहुना आख्ख्या चर्चचा दर्शनी भाग दिसला. त्यात एका इमारतीचं एकही अंग कमी नव्हतं. कमी होतं ते फक्त माप.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही चौकट मी इतकी वर्षं भिंतीची नक्षी म्हणून बघत होतो, आणि ती भिंतीची नव्हतीच. ती एक वेगळी, पुरी इमारत होती. भिंतीत येऊन राहिलेली. तिचे खांब चर्चचं छप्पर उचलत नव्हते, कारण ते त्यांचं कामच नव्हतं. ते स्वतःच्या घराचं छप्पर उचलत होते.

हे मला सुचलेलं नवीन काही नव्हे. इंग्लंडच्या जॉन समरसन या वास्तु-इतिहासकाराचा या विषयावरचा निबंध १९४९ साली पुस्तकात आला आणि शिकताना तो मी परीक्षेपुरता वाचलाही होता. तो सुरुवात करतो लहान मुलापासून. मूल टेबलाखाली शिरतं आणि ते त्याचं घर होतं. आमच्याकडं खाटेवरून चादर सोडून भातुकली मांडतात तसंच. मोठ्या घराच्या आत आपल्या मापाचं घर करून बसण्याची ही ओढ समरसनला इमारतींमध्ये दिसली. त्याच्या मते युरोपातली उंचच उंच गॉथिक चर्चं म्हणजे अशा छोट्या घरांची रासच आहे. विद्यार्थी असताना मला हे कवित्व वाटलं होतं. वयाच्या पन्नाशीत, कंबरेएवढ्या कोनाड्याचं चित्र हातात घेऊन, ते मला सरळ बांधकामाचं वर्णन वाटायला लागलं.

पुरावा हवा असेल तर लांब जायला नको. अंबरनाथला जावं. वालधुनीच्या काठचं हे शिवालय उत्तर कोकणच्या शिलाहारांचं. तिथल्या लेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे साल आणि मुम्मुणी राजाचं नाव आहे. सोपाऱ्याचा आपला मुलूखही त्याच घराण्याच्या अमलाखाली होता, म्हणजे एका अर्थी हे आपल्याच सरकारी खर्चातलं काम. मी आधी तिथं मूर्ती बघायला जायचो. आता मूर्ती सोडून तिच्या घराकडे बघतो. भिंतीतलं प्रत्येक देवकोष्ठ घ्या. त्याला स्वतःचं जोतं आहे, दोन खांब आहेत, खांबांवर छज्जा आहे, छज्ज्यावर जाळीदार कमानींचा चढता मुकुट आहे. म्हणजे देऊळच. मोठ्या देवळाच्या पोटात नव्हे, अंगावर आलेलं.

मग मान वर करून शिखर बघावं. जे काही शिल्लक आहे त्यावरूनही बेत स्पष्ट कळतो. चार दिशांना चार पट्टे खालून वर चढत जातात आणि त्यांच्या मधल्या भागांत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या आहेत. प्रत्येक छोट्या शिखराखाली आखूडसा खांब. या घाटाला भूमिज म्हणतात. सिन्नरचा गोंदेश्वर याच कुळातला. मोठं शिखर कशाचं बनलंय, तर छोट्या शिखरांचं. अ‍ॅडम हार्डी या अभ्यासकानं भारतीय देवळांच्या रचनेवर अनेक वर्षं काम केलं, आणि त्याचं म्हणणं असं की आपलं देऊळ म्हणजे भिंत अधिक सजावट असं नसून ते मुळात छोट्या देवळांच्या प्रतिमांनीच घडलेलं असतं. एकातून दुसरं बाहेर पडतंय, त्यातून तिसरं, असं. हे वाचून मी पुन्हा अंबरनाथला गेलो आणि कोपऱ्यापाशी उभा राहिलो. खरंच, तिथं भिंत अशी सापडतच नाही. घराशेजारी घर, घरावर घर. त्या देवळातून 'सजावट' काढून टाकायची म्हटलं तर हाती काय उरेल? दगडांचा ढीग.

त्या कमानींच्या मुकुटाचा इतिहास तर एखाद्या घराण्याच्या वंशावळीसारखा आहे. भाज्याच्या लेण्यात, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात, दर्शनी भागावर घोड्याच्या नालेसारख्या कमानीच्या छोट्या खिडक्या आणि खाली कठडे कोरलेले आहेत. ते लाकडी माड्यांचं दगडातलं रूप. तिथं ती खिडकी खिडकीसारखी दिसते. पुढं हजार-बाराशे वर्षांत तीच कमान लहान झाली, दुभंगली, एकमेकींत गुंतली आणि अंबरनाथच्या देवकोष्ठावर जाळी होऊन बसली. लाकूड गेलं, वाकवलेल्या वाशांची गरज गेली, भार तर केव्हाच गेला. घराची खूण तेवढी राहिली. माझ्या जुन्या नियमानं ही सलग बाराशे वर्षांची लबाडी ठरते. एवढी माणसं एवढा काळ खोटं बोलत होती असं मानण्यापेक्षा नियम चुकलाय असं मानणं सोपं पडलं.

रोमन लोकांचंही वेगळं नव्हतं. रोमच्या पँथिऑनचा घुमट ४३ मीटर व्यासाचा. त्याच्याखाली माणूस मुंगी होतो. म्हणून आतल्या भिंतीला फिरून छोट्या खांबांची, छपराची घरकुलं लावली आहेत, एकावर त्रिकोण, पुढच्यावर अर्धगोल, पुन्हा त्रिकोण. ती बघितल्यावर डोळ्याला माप सापडतं. चित्रकार रॅफेल १५२० मध्ये गेला, त्याचं थडगं यातल्याच एका घरकुलात आहे. आणि पाँपेईत व्हेत्ती यांच्या घरातलं कुलदेवतांचं देवघर तर मी फोटोत पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसूच आलं. दोन खांब, वर त्रिकोण, आत रंगवलेले देव आणि त्यांच्या पायाशी नाग. आपल्याकडच्या एखाद्या आजीनं तिथं उदबत्ती लावली असती. इसवी सनाच्या त्याच पहिल्या शतकात सोपाऱ्याच्या बंदराची नोंद पेरिप्लस या दर्यावर्दी मार्गदर्शिकेत ग्रीक भाषेत झाली, आणि पाँपेईच्या राखेतून १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, तिच्या जातकुळीतल्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. यावरून कुणी कुणाचं उचललं असं सिद्ध करायला काही लोक टपलेलेच असतात. मी त्यांतला नाही. मला एवढंच दिसतं की देवाला जागा द्यायची म्हटलं की दोघांनाही आधी दोन खांब आणि एक छप्पर आठवलं.

नालासोपाऱ्याच्या स्तूपाचं मला विशेष वाटतं, कारण तिथं हे घरात घर करणं डोळ्यांआड, जमिनीत, केलेलं होतं. लोक ज्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत, ते पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी एप्रिल १८८२ मध्ये उकरलं. मध्यभागी विटांची कोठी, तिच्यात दगडी करंडक, त्यात तांब्याचा डबा आणि भोवती आठ धातुमूर्ती, सात मानुषी बुद्धांच्या आणि आठवी मैत्रेयाची. तांब्याच्या डब्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या डब्यात? मातीच्या भांड्याच्या खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून जपलेल्या. मी आयुष्यभर इमारतीचं मोल बाहेरून आत मोजलं, दर्शनी भाग, मग दालन, मग कपाट. इथं उलटं आहे. घर जितकं लहान तितकं महाग, आणि सगळ्यात आतल्या घरात राहणारी वस्तू कवडीची.

वसईच्या चर्चमधल्या घंटा चिमाजीअप्पांच्या विजयानंतर देशावर गेल्या, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या टांगल्या कशा, हे कुणी विचारत नाही. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाची घंटा १७२१ सालची. ती देवळाच्या आत, नंदीपाशी, टांगता आली असती. तसं केलं नाही. नदीच्या बाजूच्या तटावर तिला स्वतःची छत्री बांधून दिली. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर १७०७ सालची घंटा आहे, तिच्यावर मरिया आणि बाळ येशू ओतलेले आहेत. तिलाही देवळाबाहेर वेगळं दगडी घरकुल आहे. लुटीतली वस्तू कोपऱ्यात टाकतात. या घंटांना घर दिलं, म्हणजे त्यांना पाहुण्याचा मान दिला असं मी समजतो. इतिहासाचे जाणकार यावर नाक मुरडतील, मुरडोत.

दगडाच्या बाबतीत वसईनं घरात घर करण्याच्या या कलेची परतफेडही केली आहे. गोव्याचं बॉम जेझूस चर्च १५९४ ते १६०५ या काळात बांधलं. त्याची भिंत जांभ्याची. जांभ्यात बारीक कोरीव काम टिकत नाही, म्हणून दर्शनी भागावरचे खांब, पट्ट्या, चौकटी यांच्यासाठी काळा दगड वसईहून समुद्रमार्गे नेला. म्हणजे ज्या 'निरुपयोगी' भागांवर मी वसईत लाल पेन्सिल मारत होतो, नेमक्या त्याच भागांसाठी वसईचा दगड गलबतात भरून गोव्याला जात होता. हे मला माझ्या धंद्याच्या सुरुवातीला माहीत असतं तर काय फरक पडला असता? बहुधा काहीच नाही. त्या वयात मी त्या गलबतावर टीका लिहिली असती.

इथंवर वाचून कुणाला वाटेल की हा आता फायबरच्या रोमन खांबांचा भक्त झाला. नाही. विरारच्या नव्या टॉवरच्या लॉबीत लिफ्टच्या दोन्ही बाजूंना जे सोनेरी खांब चिकटवतात, ते मला आजही बघवत नाहीत. कारण मात्र बदललंय. ते भार घेत नाहीत ही माझी तक्रार आता नाही. त्यांच्यामध्ये कुणी राहू शकत नाही, ही आहे. दोन इंच खोलीची चौकट, तिच्यात दिवा मावत नाही, मूर्ती मावत नाही, माणूस टेकून उभा राहू शकत नाही. ते घराचं चित्र आहे, घर नव्हे. त्याउलट पापडीपासून आगाशीपर्यंत वाटेवर जे क्रूस आहेत, त्यांतल्या काहींना चौथरा आणि वर इवलंसं छप्पर आहे. कुठं बाथरूमची टाइल लावलीय, कुठं निळा एलईडी. दिसायला भयंकर असतील, पण आत जागा आहे आणि त्या जागेत संध्याकाळी मेणबत्ती असते. तुळशीवृंदावनाच्या चारी बाजूंच्या देवळ्यांचंही तेच. आजकाल मी अशी ठिकाणं बघताना आधी खोली मोजतो, मग रंगाबद्दल बोलतो.

जिन्याच्या कोपऱ्यातल्या देवांच्या टाइल्सशी मात्र माझं अजून जमलेलं नाही. साईबाबा, येशू, काबा आणि गणपती एका रांगेत, गुडघ्याच्या उंचीवर, लोकांनी थुंकू नये म्हणून. सर्वधर्मसमभावाचं एवढं स्वस्त उदाहरण दुसरं नसेल. काम होतं हे खरं, कोपरा स्वच्छ राहतो. पण तिथं देवाला घर दिलेलं नाही, वॉचमनची ड्युटी दिलीय, तीही बसायला स्टूल न देता.

किल्ल्यातल्या रिकाम्या कोनाड्यांबद्दल माझं मन द्विधा आहे. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला, १८६२ मध्ये संतपदाला पोचला. त्याच्या सणाला किल्ल्यात लोक जमतात, पडक्या भिंतींत मिस्सा होते. त्यानंतर एखाद्या कोनाड्यात मेणाचे थेंब सापडतात. पूर्वी मी चिडायचो. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली वास्तू, चुन्याच्या गिलाव्यावर काजळी धरते, ती निघत नाही, हे सगळं आजही खरं आहे आणि तिथं काही पेटवू नये असंच मी सांगतो. पण कोनाडा रिकामा दिसला की हात आपोआप काहीतरी ठेवायला जातो, त्याला अज्ञान म्हणायचं मी सोडलं. बांधणाऱ्यानं ते घर राहायलाच केलं होतं. दुसरीकडे असंही वाटतं की रिकामं ठेवण्यातही एक ऐट आहे. मायकेलअँजेलोनं फ्लॉरेन्सच्या लॉरेन्झियाना ग्रंथालयाच्या प्रवेशदालनात चौकटी केल्या, खांब दिले, त्रिकोण दिले आणि आत काहीही ठेवलं नाही. त्या चौकटींना माझा खोलीचा नियम लावला तर त्या नापास होतात. त्यामुळे हा नियमही फार दिवस टिकेल असं दिसत नाही.

होली लँडच्या यात्रेला वसईतून बरेच लोक जातात. आमच्या शेजारचे मामा जाऊन आले तेव्हा त्यांनी जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चचे फोटो दाखवले. भल्यामोठ्या घुमटाखाली येशूच्या कबरीवर एक छोटं, पुरं घर आहे. १८०८ च्या आगीनंतर १८१० मध्ये ते नव्यानं बांधलं. मामांना त्यातली भक्ती सांगायची होती, मी मात्र विचारलं, "बाजूला लोखंड दिसलं का?" कारण त्या घराच्या भिंती फुगू लागल्या तेव्हा ब्रिटिशांनी १९४७ मध्ये त्याला बाहेरून लोखंडी गर्डरांचा पिंजरा घातला होता, आणि तो २०१७ च्या दुरुस्तीनंतर निघाला. सत्तर वर्षं त्या घराला दुसऱ्यानं उभं धरलं. स्वतःचा भार त्याला पेलत नव्हता, तरी एवढ्या वर्षांत कुणीही त्याला खोटं म्हटलं नाही. मामांनी माझ्याकडं असं बघितलं की पुढचा फोटो लगेच आला.

धंद्यात सध्या एवढंच करतो. आरसीसीचा कॉलम नऊ बाय अठराचा असला की खोलीच्या कोपऱ्यात भिंतीच्या पुढं येतो आणि त्याच्या शेजारी एक अडचणीचा खळगा उरतो. तो सगळे फर्निचरवाल्याच्या कपाटात घालवतात. मी तिथं, छातीच्या उंचीवर, नऊ इंच खोल कोनाडा सोडायला सांगतो. त्यात देव ठेवा, चावी ठेवा, काही ठेवू नका. चौकट हवी असेल तर गवंड्याला सांगा, मी प्लॅनवर हरकत लिहिणार नाही. परवा एका गिऱ्हाइकानं तो कोनाडा बघून विचारलं की याचा एरिया कार्पेटमध्ये धरलाय का. धरलेला नव्हता. आता त्यावर त्यांचं आणि बिल्डरचं चालू आहे.